लवाद निवडताना एआयची मदत कुठे घ्यावी, कुठे थांबावं

गेल्या पावसाळ्यात कोथरूडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका शिवाजीनगर कोर्टाजवळच्या माझ्या ऑफिसात आले. हातात जाड प्लास्टिकची फाइल, तिच्यावर उघडा ठेवलेला मोबाइल. पुनर्विकासासाठी इमारत पाडलेली, २४ सभासद भाड्याच्या घरांत, बिल्डरने नऊ महिन्यांचं भाडं थकवलेलं आणि काम चौथ्या स्लॅबला थांबलेलं. डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटमध्ये लवादाचं कलम होतं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी लवाद म्हणून नेमलेल्या त्रयस्थ व्यक्तीने ऐकून निकाल द्यायचा, म्हणून काकांनी आदल्या रात्री नातवाला शेजारी बसवून चॅटबॉटला विचारलं होतं: 'पुण्यातले पुनर्विकासाच्या वादासाठी सर्वांत चांगले पाच लवाद सांग.'

पाच नावं आली होती. प्रत्येकापुढे अनुभवाची वर्षं आणि एखादा गाजलेला निवाडा. मी एकेक नाव तपासलं. दोघे दिल्लीत बसणारे निवृत्त न्यायमूर्ती, एक जण हयात नाहीत. उरलेल्या दोघांचा कुठेच पत्ता लागेना. त्यांच्या नावावर दाखवलेला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मी क्रमांकाने शोधला, तर त्या क्रमांकाचं प्रकरण भलत्याच विषयाचं होतं.

काकांच्या जागी कोणीही असतं तरी हेच विचारलं असतं. अडचण प्रश्नात होती. चांगला लवाद कोण, हे या यंत्राला माहीत नसतं. पण कोणता लवाद कोणाशी कुठे जोडलेला आहे, हे कागदांच्या ढिगातून हुडकायला त्याच्याइतका चिवट मदतनीस मला तरी मिळालेला नाही. त्या सोसायटीसाठी आम्ही जे केलं, तेच इथे क्रमाने सांगतो. सोसायटी असो, ठेकेदार असो की भागीदारीतला वाद, काम बहुतांशी याच वाटेने जातं.

आधी करारातलं कलम वाचा, संगणक नंतर

लवाद कलमात पाच गोष्टी शोधायच्या: लवाद किती, नेमणार कोण, त्याची पात्रता काही ठरवली आहे का, लवादाचं स्थान (कार्यवाहीचं कायदेशीर ठिकाण) कोणतं आणि भाषा कोणती. लवाद व समेट अधिनियम, १९९६ च्या कलम १० प्रमाणे लवादांची संख्या सम असू शकत नाही. करारात संख्याच नसेल, तर एकच लवाद.

काकांच्या करारात लिहिलं होतं की बिल्डर नेमेल तो लवाद दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील. पुण्यातल्या पुनर्विकासाच्या करारांत हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता राग येतो. ते वाचून सभासद गळाठतात, आणि बरेचदा तिथेच प्रकरण सोडून देतात. सोडू नका. ज्या पक्षाचा वादाच्या निकालात हितसंबंध आहे, त्याला एकट्याला एकमेव लवाद नेमता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही अशा एकतर्फी नेमणुकीच्या कलमांविरुद्ध निकाल दिला. नेमणुकीचा तेवढा भाग गळतो, लवादाने वाद सोडवायचा हा करार मात्र शिल्लक राहतो.

या पायरीला एआय चालतं, पण मर्यादित. करारातली नावं, पत्ते, फ्लॅट क्रमांक काढून फक्त कलम द्या आणि म्हणा: 'यात नेमणूक, संख्या, पात्रता, स्थान आणि भाषा याबद्दल काय लिहिलंय ते मूळ वाक्यांसह वेगळं काढ. जे लिहिलेलं नाही, तिथे लिहिलेलं नाही असं म्हण.' हे शेवटचं वाक्य घालायला विसरू नका. ते नसेल तर यंत्र रिकामी जागा स्वतःच्या कल्पनेने भरतं.

भोसरी-चाकणकडच्या छोट्या पुरवठादारांसाठी एक सूचना. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असाल आणि बिल थकलं असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १८ खाली फॅसिलिटेशन कौन्सिलचा, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या मंडळाचा वेगळा रस्ता आहे. करारात लवादाचं कलम असलं तरी तो खुला राहतो. लवाद शोधायला निघण्याआधी वकिलांना हे जरूर विचारा.

कसा माणूस हवा, ते नावं बघण्याआधी लिहा

एक कोरा कागद घ्या. वाद कशाचा, रक्कम किती, पुरावा कोणत्या प्रकारचा. काकांच्या प्रकरणात हिशेब असा होता: सभासदांना दरमहा २५ हजारांप्रमाणे नऊ महिन्यांचं भाडं, म्हणजे ५४ लाख. न मिळालेला कॉर्पस (बिल्डरने सभासदांना द्यायची एकरकमी रक्कम) प्रत्येकी ४ लाख, म्हणजे ९६ लाख. उशिराचा दंड ३० लाख. एकूण १ कोटी ८० लाख. यात बांधकामाच्या मोजमापाचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. करारातली वाक्यं, पावत्या, पत्रव्यवहार आणि बिल्डरची 'परवानग्या अडल्या' ही सबब, एवढाच मामला. म्हणून करार वाचण्यात मुरलेला निवृत्त जिल्हा न्यायाधीश किंवा दिवाणी वकील हवा होता. स्ट्रक्चरल इंजिनिअरची गरज नव्हती. हाच वाद गळती, तडे, निकृष्ट काँक्रीट यांचा असता तर उलट झालं असतं.

मग निकषांना गुण द्या. आम्ही दिलेले असे: वेळेत पूर्ण करण्याची सवय ३५, विषयाची जाण २५, कारणं देऊन निवाडा लिहिण्याची शिस्त २५, पुण्यात बसण्याची तयारी १५. काकांनी आधी 'सोसायट्यांच्या बाजूने निकाल देणारा' असा निकष लिहिला होता. तो मी खोडला. आपल्या बाजूला झुकणारा माणूस शोधायला यंत्र वापरलं, तर समोरचाही तेच करणार. आणि निवाडा कलम ३४ खाली आव्हानाला गेला की तोच झुकाव आपल्या गळ्याशी येणार. थकलेल्या माणसाला पैसे वेळेत मिळणं हे इथे सगळ्यांत मोठं आहे.

फीचा हिशेबही याच कागदावर करा. १९९६ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीप्रमाणे १ कोटी ते १० कोटींच्या वादात फी ३,३७,५०० रुपये अधिक एक कोटीच्या वरच्या रकमेचा एक टक्का. म्हणजे १.८० कोटींना ४,१७,५००. एकमेव लवाद असेल तर त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे ५,२१,८७५. तीन लवाद घेतले तर हीच फी प्रत्येकाला, एकूण १२,५२,५००. समोरच्याने प्रतिदावा लावला तर त्याची फी वेगळी धरली जाते. आणि लवाद स्वतःच्या मर्जीने एकतर्फी फी ठरवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये ओएनजीसी विरुद्ध अ‍ॅफकॉन्स प्रकरणात स्पष्ट केलंय. २४ कुटुंबांच्या वर्गणीतून हे पैसे जाणार असतील, तर करारात तीन लवाद असले तरी दोन्ही बाजूंच्या लेखी संमतीने एकावर येता येईल का, ते आधी पाहा.

नावांची यादी माणसांकडून आणि नोंदींतून

चॅटबॉटकडून नाव घ्यायचं नाही, हा आमच्या ऑफिसचा नियम आहे. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात २०२३ मध्ये चॅटजीपीटीने रचलेले खोटे निकाल सादर केले म्हणून वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून पाच हजार डॉलर दंड झाला होता. नोटिशीत न सापडणाऱ्या माणसाचं नाव गेलं, तर समोरच्या बाजूला विलंबासाठी आयतं कारण मिळतं.

यादी येते ती ओळखीच्या, पण वेगवेगळ्या वर्तुळांतल्या वकिलांकडून, लवाद संस्थांच्या पॅनेलवरून आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या प्रसिद्ध निकालांतून. मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन (एमसीआयए) यासारख्या लवाद संस्थेचं पॅनेल बघता येतं, मात्र फी आणि नियम संस्थेचे लागतात. दहा-बारा नावं पुरेत.

निकाल वाचायला एआय, पण कागद तुम्ही द्यायचे

इथे यंत्र खऱ्या अर्थाने कामाला येतं. प्रत्येक नावासाठी उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून कलम ११ (लवादाची नेमणूक), २९-अ (निवाड्याची मुदत), ३४ (निवाड्याला आव्हान) आणि ३७ (अपील) खालचे निकाल स्वतः उतरवून घ्या. मग ते पीडीएफ अशा साधनाला द्या जे फक्त दिलेल्या कागदांवरून उत्तर देतं. आमचा प्रश्न साधारण असा असतो: 'या निकालांत या लवादाने दिलेल्या निवाड्याचा उल्लेख कुठे आहे? कार्यवाही कधी सुरू झाली आणि निवाडा कधी झाला? निवाडा कायम राहिला की रद्द झाला, आणि न्यायालयाने कोणत्या कारणाने? प्रत्येक उत्तराला पान क्रमांक आणि मूळ इंग्रजी वाक्य जोड.' मूळ वाक्य हातात असलं की पडताळायला मिनिट लागतं. ते न देणाऱ्या उत्तराला आम्ही हात लावत नाही.

आता या पायरीतला धोका. तो मला स्वतःला फार उशिरा उमगला. लवादाची कार्यवाही कायद्यानेच गोपनीय आहे, कलम ४२-अ. निवाडे कुठे प्रसिद्ध होत नाहीत. ते जगासमोर येतात ते कोणीतरी आव्हान दिल्यावर. म्हणजे ज्या लवादाने ५० वाद नीट, दोन्ही पक्ष मान्य करतील असे मिटवले, त्याच्याबद्दल यंत्राला काहीच दिसत नाही. ज्याचे तीन निवाडे न्यायालयात गेले, तो मात्र ठळक दिसतो. एआय मग लिहून देतं, 'यांचे तीनपैकी दोन निवाडे रद्द झाले.' हा आकडा त्या माणसाच्या कामाचा नसतो. त्याच्याविरुद्ध झालेल्या भांडणांचा असतो.

शिवाय अनेक निकालांत लवादाचं नावच येत नाही, नुसतं 'विद्वान एकमेव लवाद' असं येतं. आणि पुण्यात लवादाचं स्थान असलेल्या देशांतर्गत वादात निवाड्याला पहिलं आव्हान सहसा पुण्याच्या जिल्हा न्यायालयातच लागतं. तिथले निकाल लवादाच्या नावाने शोधणं जिकिरीचं. तेव्हा निकाल सापडले नाहीत म्हणून गुण कापू नका. तिथे 'माहिती नाही' असा वेगळा रकाना ठेवा.

निवाडा रद्द झाला असेल तर कारण स्वतः वाचा. मुदतीच्या प्रश्नावर मतभेद झाला ही एक गोष्ट, एका पक्षाला म्हणणं मांडू दिलं नाही ही वेगळीच. दुसरं कारण दिसलं की ते नाव मी बाजूला ठेवतो.

नावांचा घोळ तर आपल्याकडे हमखास. कुलकर्णी, जोशी, देशपांडे, पाटील, त्यातही आद्याक्षरं सारखी. रोमन लिपीत एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. एआयने आमच्या यादीतल्या एका निवृत्त न्यायाधीशांच्या खात्यात त्याच आद्याक्षरांच्या एका वकिलाची प्रकरणं घातली होती. निवृत्तीचं साल आणि प्रकरणाचं साल शेजारी ठेवलं तेव्हा पकडलं गेलं: ज्या वर्षी ते लवाद म्हणून दिसत होते, त्या वर्षी ते बाकावर न्यायाधीश होते.

हितसंबंधांची तपासणी: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

यासाठी कायद्यात पाचवी आणि सातवी अशा दोन अनुसूची आहेत. पाचवीत निष्पक्षतेबद्दल रास्त शंका निर्माण करणाऱ्या गोष्टी आहेत. सातवीत थेट अपात्र ठरवणारी नाती आहेत, आणि ती अपात्रता वाद उद्भवल्यानंतर दोन्ही पक्षांनी लेखी माफ केली तरच टळते. पाचवीतल्या दोन नोंदी आपल्या शहरात विशेष लागू पडतात. एक, गेल्या तीन वर्षांत त्याच पक्षाने किंवा त्याच्या समूहातल्या कंपनीने दोन किंवा अधिक वेळा त्या व्यक्तीला लवाद नेमलेलं असणं. दुसरी, त्याच वकिलाकडून किंवा फर्मकडून तीन वर्षांत तीनपेक्षा जास्त नेमणुका मिळालेल्या असणं.

समूहातली कंपनी हा शब्द इथे कळीचा. पुण्यात बिल्डर दर प्रकल्पाला नवी एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) काढतो. करारावर एक नाव, पाटीवर दुसरं, बँक खात्यावर तिसरं. हे सगळं एका माणसाने हाताने जुळवायचं तर आठवडा जातो. आम्ही काय केलं? कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदींतून बिल्डरच्या एलएलपीचे भागीदार आणि नोंदणीकृत पत्ते घेतले. गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावरून त्याच्या इतर प्रकल्पांची पानं घेतली. त्यांत प्रवर्तकाशिवाय आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए यांचीही नावं असतात. मग ही सगळी यादी आणि आमच्या दहा उमेदवारांची सार्वजनिक माहिती एआयला देऊन सांगितलं: 'समान व्यक्ती, समान पत्ता, समान फर्म जिथे दिसेल ते दाखव. आडनाव सारखं असणं एवढंच साम्य असेल तर ते वेगळ्या यादीत टाक.'

अर्ध्या तासात १४ जुळण्या आल्या. नऊ नुसत्या आडनावाच्या. तीन पत्त्याच्या, पण तपासल्यावर कळलं की तो पत्ता लॉ कॉलेज रोडजवळच्या एका मोठ्या व्यापारी इमारतीचा होता, जिथे पन्नास ऑफिसं आहेत. एक जुळणी जुनी, संपलेली. उरली एक. आमच्या यादीतले तिसऱ्या क्रमांकाचे उमेदवार बिल्डरच्या दुसऱ्या एलएलपीच्या भागीदारासोबत एका ट्रस्टवर विश्वस्त होते. काकांना ते नाव फार आवडलेलं. त्यांनी चष्मा काढून तो कागद दोनदा वाचला आणि नाव स्वतःच्या हाताने खोडलं. अशी गोष्ट लवादाकडून दडवली जाते असं नाही, अनेकदा त्यालाही समोरची एलएलपी कोणाची हे ठाऊक नसतं. म्हणून आपण शोधायचं.

आपली बाजूही याच चाळणीतून काढा. सभासदांपैकी कोणाचे नातेवाईक, सोसायटीचे ऑडिटर, सल्लागार आर्किटेक्ट, आणि हो, तुमचे वकीलसुद्धा. माझ्याच एका परिचिताचं नाव मी यादीतून काढलं.

काय कधीच द्यायचं नाही

सभासदांचे आधार, पॅन, फोन, बँक तपशील. तडजोडीचा पत्रव्यवहार. वकिलाचा सल्ला. आधीच्या एखाद्या लवादातले गोपनीय कागद. फुकटच्या खात्यावर तर अजिबात नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, पण त्याहून साधी गोष्ट अशी की सभासदांनी हे कागद तुमच्यावर विश्वास टाकून दिलेत.

गुण मांडताना नाव झाका

एआयला उमेदवारांची नावं आणि पदं दाखवून क्रम लावायला सांगितला, तर 'माजी न्यायमूर्ती' वर येतात आणि जिल्हा पातळीवर आयुष्य घालवलेले, किंवा लवाद म्हणून काम करणाऱ्या महिला वकील, खाली जातात. नाव, लिंग, पद काढून उमेदवार क, ख, ग करा आणि फक्त निकषांची माहिती ठेवा. मग यादीचा क्रम उलटसुलट करून तोच प्रश्न तीनदा विचारा. तिन्ही वेळा क्रम बदलला तर समजा की त्या उमेदवारांत फरक करण्याइतकी माहिती कागदांत नाही, आणि शेवटचे गुण तुम्ही स्वतः द्या. आमच्याकडे पहिले चार तिन्ही वेळा तेच राहिले, पाचव्यापासून गोंधळ. म्हणून चारच घेतले.

आता फोन उचला

चौघांपुढे काम चालवलेल्या वकिलांना विचारायचं: तारखा कशा देतात? उलटतपासणीत बोलू देतात का? मराठी कागदपत्रं मूळ वाचतात की भाषांतर मागतात? ही शेवटची गोष्ट सोसायटीच्या वादात पैसे वाचवते, कारण सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं मराठीतच असतात. हे कुठल्याही डेटाबेसमध्ये नाही. आमच्या यादीतले पहिल्या क्रमांकाचे उमेदवार या फोनांनंतर दुसऱ्यावर आले. प्रकृतीमुळे ते आता सकाळचे दोनच तास बसतात, असं तीन वेगवेगळ्या वकिलांनी सांगितलं.

उमेदवाराला पत्र लिहिलं तर त्यात फक्त वेळ, फी आणि प्रकटीकरण (कोणाशी काही नातं किंवा हितसंबंध असेल तर ते लेखी उघड करणं) विचारायचं. वादाबद्दल एक ओळही नाही. सहाव्या अनुसूचीच्या नमुन्यात सध्या लवादाची किती प्रकरणं चालू आहेत आणि बारा महिन्यांत काम पूर्ण करण्यात अडचण आहे का, हे सांगावं लागतंच. त्यासोबत मी हल्ली आणखी एक विचारतो: निवाडा लिहिताना एआय वापरता का, आणि कशासाठी? चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्बिट्रेटर्स या लवादांच्या संस्थेने २०२५ मध्ये यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यामुळे हा प्रश्न कोणाला उर्मट वाटत नाही.

नोटीस, आणि पुढचे तीस दिवस

कलम २१ ची, म्हणजे वाद लवादाकडे न्यायचा आहे असं कळवणारी नोटीस समोरच्याला मिळाली त्या दिवशी लवादाची कार्यवाही सुरू झाली असं धरतात, म्हणून नावं नोटिशीआधीच तयार हवीत. एकच नाव देऊ नका. तीन द्या, प्रत्येकासोबत दोन ओळी कारण द्या, आणि यातलं कोणतंही एक निवडा असं म्हणा. एआयने छाननी केली हे नोटिशीत लिहायची गरज नाही, पण कोणते कागद दिले, काय विचारलं, काय उत्तर आलं आणि ते कोणी पडताळलं याची टिपण तारखेसह फाइलला लावून ठेवा. पुढे निवडीवर प्रश्न आला तर तीच कामी येते.

तीस दिवसांत एकमत झालं नाही तर लवाद नेमून मागायला कलम ११ खाली उच्च न्यायालयात अर्ज, आणि पुण्यासाठी तो मुंबईलाच. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, पण त्यात सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे येतात, पुणे नाही. न्यायालयही नेमणुकीआधी लवादाकडून लेखी प्रकटीकरण मागवतं आणि करारातली पात्रता बघतं. आपली छाननीची टिपण तिथेही उपयोगी पडते.

काकांच्या बिल्डरने २७ व्या दिवशी आमच्या यादीतलं दुसरं नाव स्वीकारलं. चार दिवसांनी लवादाचं प्रकटीकरण आलं. ते मी आमच्या जुळण्यांच्या तक्त्याशेजारी ठेवून ओळीओळीने तपासलं, आणि काकांनी कॅलेंडरवर पंधराव्या दिवसाला लाल खूण केली. कलम १३ प्रमाणे हरकत घ्यायची तर लवादाची नेमणूक झाल्याचं किंवा हरकतीचं कारण कळल्यापासून १५ दिवसांतच घ्यावी लागते. त्या तारखेपर्यंत हरकत घ्यावी असं काही निघालं नाही. पहिली बैठक डेक्कनवरच्या एका छोट्या सभागृहात ठरली. त्या दिवशी काका सगळ्या २४ कुटुंबांच्या भाडेपावत्या महिन्यांप्रमाणे लावून घेऊन आले.